मिठाचं पाणी

आले होते नटी व्हायला.
वाट्याला आलं एकच वाक्य, "बाईसाहेब, टपाल आलंय",
तेही रंगीत तालमीआधी कापलं गेलं.
दिग्दर्शक म्हणाले, आलीच आहेस तर
तेवढा झाडू मार.

तालमीची जागा वखारभागात, हळदीच्या गोदामावर.
झाडायचं म्हणजे पिवळं झाडायचं.
त्या हंगामात माझ्या टाचा
लग्नघरातल्या असाव्यात तशा,
आणि आई रोज विचारायची, जातेस कुठं गं तू?

झाडता झाडता पाठ झालं
कुठली फळी कुरकुरते, कुठं खिळा डोकं वर काढतो,
कुठं उभं राहिलं की आवाज
छताला जाऊन रुसून बसतो.
नटांना हे माहीत नव्हतं. ते चुकीच्या फळीवर रडायचे.

पायगोंडा मगदूम सुतारानं फ्लॅट ताणायला शिकवला.
कापड आधी ओलं, मग खळ,
मग वाळेस्तोवर गप बसायचं, आणि टिचकी.
"ढब्ब वाजलं तर चादर.
टण् वाजलं की भित झाली."
मिरजेत तंबोरे करणाऱ्याचा भाचा तो,
लाकडाला कान लावल्याशिवाय
माणसाशीही बोलत नसे.

मालूताई आवटींकडून घेतलं
तोंडात सेफ्टीपिना धरून हसणं,
नऊवारी सोडवून पांढरं नेसवणं
चाळीस आकड्यांत, अंधारात, नटीच्या शिव्या खात.
घामावर मिशी धरत नसेल तर
आधी फुंकर, मग रुमाल, मग देवाचं नाव.

सगळंच जमलं असं नाही.
ढगांचा गडगडाट शेवटपर्यंत आला नाही मला.
पत्रा हलवला की
पत्रा हलवल्यासारखाच वाजायचा.

आणि दस्तगीरचाचा शिकलगार.
ते सांगायचे, डिमर नव्हता तेव्हा
मातीच्या कुंडीत मिठाचं पाणी, पाण्यात दोन पत्रे.
जवळ आणले की दुपार,
लांब नेले की दिवेलागण.
मीठ किती, चाचा? जेवणात घालतो तेवढं?
"जेवण बिघडलं तर घरचे बोलत्यात.
हितं सूर्य बिघडतोय, पोरी."

मला त्यांनी बटणं शिकवली नाहीत.
म्हणाले, नटाच्या तोंडाकडं बघू नगंस,
बरगडीकडं बघ.
वाक्य संपायच्या आधी श्वास संपतोय.

स्पर्धेच्या रात्री नायक अडला.
भर तिसऱ्या अंकात, बापाच्या प्रेतापुढं.
लोकांना वाटलं, काय तो ठहराव!
मी विंगेतून तीन शब्द सोडले, नुसत्या वाफेचे,
आणि ते त्याच्या तोंडातून
त्याचेच होऊन बाहेर पडले.
त्याला अभिनयाचं पहिलं बक्षीस.
त्यानं आभार मानले आईवडिलांचे, गुरुजनांचे, कृष्णामाईचे.
मी मागं ट्रकपाशी फ्लॅट मोजत होते.
नऊ.
दहावा कुठं गेला?

पुढं चाचांच्या डोळ्यांत धुकं उतरलं.
बोर्ड माझ्याकडं आला, पक्कड आली,
मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला त्यांचा स्क्रूड्रायव्हर आला.
एकदा म्हटलं, चाचा, आता तरी
समोरून बघा एक नाटक.
साठ वर्षांत पहिल्यांदा.

इस्त्रीचा सदरा घालून बसले, सहावी रांग, कडेची खुर्ची.
पूर्ण वेळ छताकडं तोंड.
मागच्या बाईंनी दोनदा विचारलं म्हणे,
आजोबांना बरं वाटत नाही का?

सुटल्यावर माझा हात धरून चालत होते.
बराच वेळ काहीच नाही.
मग: "दुसऱ्या अंकात सांज
दोन मात्रा उशिरा झाली."
मी म्हटलं, त्यानं श्वासच उशिरा सोडला.

काठी थांबली.
"मग बरोबर हाय."

आयर्विन पुलावरचे दिवे लागलेले,
खाली नदी काळी, एकेका दिव्याला लांबवत.
मधला एक लुकलुकत होता.
आम्ही दोघंही
एकदमच वर पाहिलं.